शैलीचे मूल्य : फारुख इंजिनिअर यांच्या कारकिर्दीचे पुनर्मूल्यांकन

प्रस्तावना

भारतीय क्रिकेटविषयीच्या मराठी लेखनात काही विशेषणे विशिष्ट खेळाडूंना कायमची चिकटलेली आढळतात. विजय मर्चंट 'तंत्रशुद्ध', बापू नाडकर्णी 'चिवट', एकनाथ सोलकर 'झुंजार' आणि फारुख इंजिनिअर 'शैलीदार' अथवा 'दिलखुलास'. विशेषण एकदा रूढ झाले की ते वर्णनाचे काम सोडून निर्णयाचे काम करू लागते. 'चिवट' म्हटल्यावर नाडकर्णी यांच्या कष्टांची दखल आपोआप घेतली जाते. 'शैलीदार' म्हटल्यावर मात्र इंजिनिअर यांच्या कष्टांचा विषयच उरत नाही. जणू त्यांनी जे केले ते निसर्गदत्त होते आणि जे केले नाही ते बेफिकिरीमुळे राहिले.

प्रस्तुत लेखात इंजिनिअर यांच्या कसोटी कारकिर्दीचा या दृष्टीने फेरविचार करण्याचा प्रयत्न केला आहे. ४६ कसोटी सामने, ८७ डाव, २,६११ धावा, ३१.०८ ची सरासरी, २ शतके, १६ अर्धशतके, ६६ झेल आणि १६ यष्टिचीत ही त्यांची कसोटीतील नोंद आहे. आजच्या वाचकाला ती मध्यम प्रतीची वाटेल. यष्टिरक्षक-फलंदाज म्हटले की त्याच्यासमोर ४७.६० च्या सरासरीचा अॅडम गिलख्रिस्ट किंवा ३८.०९ च्या सरासरीचा महेंद्रसिंग धोनी उभा राहतो. तेव्हा प्रश्न असा की, इंजिनिअर यांच्याविषयी जुन्या पिढीला वाटणारे आकर्षण हे केवळ स्मरणरंजन आहे, की आकड्यांच्या रकान्यांत न मावणारे काही मूल्य त्यामागे आहे?

१. पार्श्वभूमी : मुंबईचे मैदान आणि मुंबईची शिस्त

इंजिनिअर यांचा जन्म २५ फेब्रुवारी १९३८ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. माटुंग्याची डॉन बॉस्को शाळा आणि पोदार महाविद्यालय येथे त्यांचे शिक्षण झाले. पारशी समाजाचे भारतीय क्रिकेटशी असलेले नाते फार जुने आहे; १८८६ आणि १८८८ साली पारशी संघांनी इंग्लंडचे दौरे केले होते. पॉली उम्रीगर, नरी कॉन्ट्रॅक्टर, रुसी सुरती आणि इंजिनिअर हे या परंपरेतील स्वातंत्र्योत्तर काळाचे प्रमुख प्रतिनिधी होत.

परंतु इंजिनिअर यांची घडण समजून घेताना समाजापेक्षा शहराचा विचार अधिक उपयुक्त ठरतो. १९५८-५९ ते १९७२-७३ या काळात मुंबईने सलग १५ वेळा रणजी करंडक जिंकला. या यशामागची वृत्ती 'खडूस' या शब्दाने ओळखली जाते. विकेट फेकायची नाही, प्रतिस्पर्ध्याला डोके वर काढू द्यायचे नाही, सुंदर दिसण्यापेक्षा टिकून राहणे महत्त्वाचे, अशी ही शिकवण. मुंबईच्या यष्टिरक्षणाचा आदर्शही याच वृत्तीचा होता. नरेन ताम्हाणे यांनी २१ कसोटींत ३५ झेल आणि १६ यष्टिचीत अशी कामगिरी केली. त्यांची फलंदाजीची सरासरी १०.२२ होती आणि त्याबद्दल फारशी तक्रार कोणी केली नाही. यष्टिरक्षकाने यष्टिरक्षण करावे, धावा केल्यास तो लाभ, अशी त्या काळची समजूत होती.

अशा वातावरणातून उंचावरून फटके मारणारा, मैदानावर मोकळेपणाने हसणारा, ब्रिलक्रीमच्या जाहिरातीत झळकणारा खेळाडू पुढे येतो हे लक्षणीय आहे. इंजिनिअर हे मुंबईच्या परंपरेचे अपत्य होते, पण त्यांनी त्या परंपरेचा स्वभाव घेतला नाही. त्यांच्याविषयी पुढे निर्माण झालेल्या कौतुकाचे आणि संशयाचे मूळ या विसंगतीत शोधता येते.

२. निवडीचा खेळ : एका जागेसाठी तिघे

इंजिनिअर यांचे कसोटी पदार्पण डिसेंबर १९६१ मध्ये कानपूर येथे इंग्लंडविरुद्ध झाले. शेवटची कसोटी ते जानेवारी १९७५ मध्ये मुंबईत वेस्ट इंडीजविरुद्ध खेळले. या दोन सामन्यांच्या दरम्यान, ते दोन्ही धरून, भारताने ६४ कसोटी सामने खेळले. म्हणजे तेरा वर्षांच्या काळात ते १८ सामन्यांना मुकले. कारणे वेगवेगळी होती. परंतु साठच्या दशकातील अनुपस्थितीचा मोठा भाग निवडीच्या अस्थिरतेशी जोडलेला आहे.

बुधी कुंदरन हे त्यांचे मुख्य प्रतिस्पर्धी. तेही आक्रमक, तेही सलामीला जाण्यास समर्थ. जानेवारी १९६४ मध्ये मद्रास कसोटीत इंजिनिअर खेळू शकले नाहीत. संधी मिळालेल्या कुंदरन यांनी १९२ धावा केल्या आणि त्या मालिकेत ५२५ धावा जमवल्या. तरीही त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या तीन कसोटींत यष्टिरक्षणाची जबाबदारी के. एस. इंद्रजितसिंहजी यांच्याकडे गेली. त्यानंतर न्यूझीलंडविरुद्ध इंजिनिअर परतले. १९६६-६७ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध पहिल्या दोन कसोटींत पुन्हा कुंदरन आणि तिसऱ्या कसोटीत इंजिनिअर. १९६७ साली एजबॅस्टन येथे तर हे दोघे एकाच संघात होते आणि कुंदरन यांनी भारताकडून गोलंदाजीची सुरुवात केली.

हा तपशील केवळ किस्सा म्हणून सांगण्याजोगा नाही. यष्टिरक्षकाने केवळ यष्टिरक्षण करावे की फलंदाजीचा भारही उचलावा, याविषयी निवड समितीचे एकमत नव्हते असे त्यातून दिसते. एकाला धावांसाठी घ्यायचे आणि यष्टिरक्षणासाठी वगळायचे, दुसऱ्याच्या बाबतीत नेमके उलटे करायचे, असा हा दुहेरी निकष होता. ज्या भूमिकेची व्याख्याच निश्चित नाही ती भूमिका पार पाडणाऱ्याच्या सातत्याविषयी बोलताना हे ध्यानात ठेवले पाहिजे. त्यातच मार्च १९६५ पासून डिसेंबर १९६६ पर्यंत भारत एकही कसोटी खेळला नाही. खेळाडूच्या ऐन उमेदीतील जवळपास पावणेदोन वर्षे अशी रिकामी गेली.

३. मद्रास, १९६७ : उपाहारापूर्वीच्या ९४ धावा

इंजिनिअर यांच्या ख्यातीचा पाया जानेवारी १९६७ च्या मद्रास कसोटीत घातला गेला. वेस्ट इंडीजच्या संघात वेस्ली हॉल, चार्ली ग्रिफिथ, गॅरी सोबर्स आणि लान्स गिब्ज होते. सलामीला आलेल्या इंजिनिअर यांनी पहिल्या दिवशी उपाहारापर्यंत ९४ धावा केल्या होत्या. पुढे ते १०९ धावांवर बाद झाले.

या खेळीचे दोन प्रकारे वाचन होऊ शकते. पहिले वाचन हुकलेल्या विक्रमाचे. कसोटीच्या पहिल्या दिवशी उपाहारापूर्वी शतक हा फार दुर्मीळ पराक्रम आहे. त्या वेळेपर्यंत तो केवळ व्हिक्टर ट्रम्पर, चार्ली मॅकार्टनी आणि डॉन ब्रॅडमन या तिघा ऑस्ट्रेलियन फलंदाजांनी केला होता. २००६ साली वीरेंद्र सेहवाग वेस्ट इंडीजमध्ये उपाहाराला ९९ धावांवर नाबाद राहिला आणि अखेर जून २०१८ मध्ये बंगळूरु येथे अफगाणिस्तानविरुद्ध शिखर धवनने हा मान मिळवला. म्हणजे इंजिनिअर सहा धावांनी ज्याला मुकले ते भारताच्या वाट्याला येण्यास आणखी ५१ वर्षे जावी लागली.

दुसरे वाचन अधिक महत्त्वाचे वाटते. हॉल आणि ग्रिफिथ तेव्हा त्यांच्या सर्वोत्तम काळातून पुढे सरकले होते हे मान्य केले, तरी १९६२ च्या वेस्ट इंडीज दौऱ्याची आठवण भारतीय मनात ताजी होती. त्या दौऱ्यात बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात ग्रिफिथ यांचा चेंडू डोक्यावर लागून कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांचा जीव धोक्यात आला आणि त्यांची कसोटी कारकीर्द संपली. भारत ती मालिका ५-० अशी हरला. इंजिनिअर त्या दौऱ्यावर होते. हेल्मेट नसलेल्या त्या काळात, आपल्या कर्णधाराला कोसळलेले पाहिलेल्या खेळाडूने पाच वर्षांनी त्याच गोलंदाजाला उपाहारापूर्वी असे झोडपून काढावे, हा केवळ फटकेबाजीचा प्रसंग नव्हे. भीतीला दिलेले ते उत्तर होते. धावफलकावर मात्र त्याची नोंद '१०९' एवढीच आहे. त्या काळी फलंदाजाने खेळलेल्या चेंडूंची संख्या नियमितपणे नोंदवली जात नसे. त्यामुळे इंजिनिअर यांच्या खेळातील सर्वांत मोठा गुण, म्हणजे गती, हाच नोंदवहीबाहेर राहिला.

४. शैली आणि औचित्य

संस्कृत काव्यशास्त्रात वामनाने रीतीला काव्याचा आत्मा मानले, तर क्षेमेंद्राने औचित्याला प्राधान्य दिले. अलंकार कितीही सुंदर असला तरी तो योग्य ठिकाणी नसेल तर दोष ठरतो, असा औचित्यविचाराचा आशय आहे. क्रिकेटमधील शैलीविषयी आपण बहुधा रीतीच्या भाषेत बोलतो : कट किती देखणा, हुक किती बेधडक. इंजिनिअर यांच्या बाबतीत औचित्याचा प्रश्न विचारणे अधिक फलदायी ठरेल. संघाच्या त्या वेळच्या गरजेच्या दृष्टीने त्यांची शैली उचित होती काय?

साठच्या दशकातील भारतीय फलंदाजीवर सामना वाचवण्याच्या मनोवृत्तीचा पगडा होता. सलामीवीराने नव्या चेंडूची धार घालवावी ही अपेक्षा होती. इंजिनिअर यांनी धार घालवण्याऐवजी गोलंदाजाचा टप्पा बिघडवण्याचा मार्ग निवडला. १९६७-६८ च्या न्यूझीलंड दौऱ्यात भारताने ३-१ असा विजय मिळवला. परदेशात जिंकलेली ही भारताची पहिली कसोटी मालिका. या मालिकेत इंजिनिअर सलामीला खेळत होते आणि यष्टिरक्षणही करत होते. जिंकण्यासाठी लागणारा वेळ डावाच्या आरंभीच्या वेगवान धावांतून मिळतो आणि तो फिरकी गोलंदाजांच्या उपयोगी पडतो. भारताचे आक्रमण फिरकीवर अवलंबून असताना सलामीची आक्रमकता ही चैन नव्हती, संघाच्या रचनेशी ती सुसंगत होती.

औचित्याची दुसरी कसोटी म्हणजे प्रसंगानुरूप बदलण्याची क्षमता. १९७१ च्या इंग्लंड दौऱ्यात सुनील गावस्कर संघात आले होते आणि इंजिनिअर मधल्या फळीत खेळले. ओव्हल कसोटीत इंग्लंडच्या ३५५ धावांना उत्तर देताना भारताचा निम्मा संघ बाद झाला असताना इंजिनिअर (५९) आणि सोलकर (४४) यांनी ९७ धावांची भागीदारी केली. दुसऱ्या डावात चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडला १०१ धावांत गुंडाळले. विजयासाठी १७३ धावा हव्या होत्या. पाचव्या दिवशी धावा हळूहळू निघत होत्या, गडी पडत होते. आबिद अलींनी विजयी चौकार मारला हे सर्वांच्या स्मरणात आहे; समोरच्या टोकाला इंजिनिअर २८ धावांवर नाबाद होते हे फारसे आठवले जात नाही. 'बेफिकीर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फलंदाजाने इंग्लंडमधील भारताचा पहिला कसोटी विजय संयमाने पदरात पाडून घेतला. विशेषण आणि वस्तुस्थिती यांतील अंतर येथे स्पष्ट दिसते.

अर्थात, औचित्याचा निकष प्रत्येक वेळी इंजिनिअर यांच्या बाजूने कौल देत नाही. १६ अर्धशतके आणि केवळ २ शतके हे प्रमाण बोलके आहे. १९६७-६८ मध्ये अॅडलेड येथे ८९, १९७४ मध्ये लॉर्ड्सवर ८६ अशा खेळी शतकाच्या उंबरठ्यावर थांबल्या. मोठा डाव उभारण्यासाठी लागणारी, मध्येच वेग कमी करून पुन्हा सुरुवात करण्याची वृत्ती त्यांच्याकडे कमी होती. लॉर्ड्सच्या त्याच कसोटीत पहिल्या डावात ३०२ धावा करणारा भारतीय संघ दुसऱ्या डावात ४२ धावांत बाद झाला. त्या अपयशाचा एक वाटेकरी म्हणून इंजिनिअर यांचाही उल्लेख करावा लागतो. १९७३ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर इंग्लंडविरुद्ध केलेल्या १२१ धावा ही त्यांची सर्वोच्च खेळी. पूर्ण डाव उभारण्याची क्षमता त्यांच्यात होती हे ती दाखवते. म्हणूनच असे डाव अधिक का झाले नाहीत हा प्रश्नही तीच उभा करते.

५. यष्टींमागील काम

इंजिनिअर यांच्यावरील बहुतेक लेखन फलंदाजीभोवती फिरते. त्यांचे मुख्य काम यष्टींमागे होते आणि ते जगातील अवघड कामांपैकी एक होते. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन या चौघांच्या चेंडूंचे स्वभाव एकमेकांपासून पूर्ण भिन्न. विशेषतः चंद्रशेखर यांचा लेगब्रेक आणि गुगली मध्यमगती गोलंदाजाच्या वेगाने येत असे. यष्टींजवळ उभे राहून असा चेंडू घेताना फलंदाजाच्या शरीराआड तो क्षणभर दिसेनासा होतो. यष्टिरक्षकाला अंदाजावर हात न्यावा लागतो. ओव्हलच्या दुसऱ्या डावात सोलकर यांनी टिपलेल्या झेलांचे यथार्थ कौतुक झाले, पण तोच चेंडू जेव्हा बॅटला न लागता येतो तेव्हा तो कोण आणि कसा अडवतो, याकडे प्रेक्षकाचे लक्ष जात नाही. यष्टिरक्षकाचे यश बहुधा न घडलेल्या गोष्टींत असते : न गेलेल्या बाय, न सुटलेला झेल. न घडलेल्या गोष्टींना धावफलकावर रकाना नसतो.

या कामाच्या जोडीला सलामीची फलंदाजी ठेवली म्हणजे शारीरिक भाराची कल्पना येते. दिवसभर, प्रत्येक चेंडूला उठबस करून, लगेच दहा मिनिटांत पॅड बदलून नव्या चेंडूसमोर उभे राहायचे. पुढच्या काळात कसोटी संघांनी यष्टिरक्षकाला सहाव्या-सातव्या क्रमांकावर ठेवण्याची पद्धत का रूढ केली, याचे उत्तर येथे आहे. समकालीन यष्टिरक्षकांशी तुलना केल्यास चित्र स्पष्ट होते. अॅलन नॉट यांची सरासरी ३२.७५, रॉडनी मार्श २६.५१, डेरेक मरे २२.९० आणि वसीम बारी १५.८८. यांपैकी कोणीही नियमित सलामीवीर नव्हता. या मालिकेत ३१.०८ हा आकडा ठेवला तर तो मध्यम प्रतीचा राहत नाही. गिलख्रिस्टशी तुलना करून इंजिनिअर यांना कमी लेखणे म्हणजे एका काळाच्या मोजपट्टीने दुसरा काळ मोजणे होय.

तथापि सामन्यामागे बळींचा हिशेब केला तर नॉट (९५ कसोटींत २६९) किंवा नंतरचे सय्यद किरमाणी (८८ कसोटींत १९८) यांच्यापेक्षा इंजिनिअर (४६ कसोटींत ८२) मागे आहेत. यातील काही भाग गोलंदाजीच्या स्वरूपाचा आहे. फिरकीवर मिळणारे झेल यष्टिरक्षकापेक्षा जवळच्या क्षेत्ररक्षकांकडे अधिक जातात. परंतु किरमाणींनाही कारकिर्दीच्या आरंभी हीच फिरकी लाभली होती, त्यामुळे हे स्पष्टीकरण पूर्णतः पुरेसे नाही. शुद्ध यष्टिरक्षक म्हणून किरमाणी सरस होते, असे म्हणण्यात इंजिनिअर यांचा अवमान नाही.

६. लँकेशायर : व्यावसायिकतेची किंमत

१९६८ ते १९७६ या काळात इंजिनिअर लँकेशायर परगण्याकडून खेळले. जॅक बाँड यांच्या नेतृत्वाखालील या संघात क्लाइव्ह लॉइड त्यांचे सहकारी होते. लँकेशायरने १९६९ व १९७० मध्ये रविवारची चाळीस षटकांची जॉन प्लेअर लीग आणि १९७०, १९७१, १९७२ व १९७५ मध्ये जिलेट चषक जिंकला. मर्यादित षटकांचे क्रिकेट रुजत असतानाच्या या प्रयोगशाळेत एक भारतीय खेळाडू आघाडीवर होता, ही बाब आपल्याकडील इतिहासलेखनात पुरेशी अधोरेखित झालेली नाही. १९७५ च्या पहिल्या विश्वचषकात पूर्व आफ्रिकेविरुद्ध नाबाद ५४ धावा करणारे इंजिनिअर या प्रकाराला अनोळखी नव्हते. भारतीय संघ मात्र अनोळखी होता.

या व्यावसायिकतेची किंमतही त्यांना मोजावी लागली. देशांतर्गत स्पर्धांतील अनुपस्थितीच्या मुद्द्यावर १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी त्यांची निवड झाली नाही. पाचही कसोटींत हैदराबादचे पी. कृष्णमूर्ती यांनी यष्टिरक्षण केले. भारताने ती ऐतिहासिक मालिका १-० अशी जिंकली. निवड समितीची भूमिका तत्त्वतः गैर नव्हती. देशातील स्पर्धांना मान हवा. परंतु त्याच सुमारास, १९७० मध्ये इंग्लंडविरुद्ध आणि १९७१-७२ मध्ये ऑस्ट्रेलियात, ज्याला शेष विश्व संघात स्थान मिळते तो स्वतःच्या देशाच्या दौऱ्यावर नसतो, हा विरोधाभास नजरेआड करता येत नाही. क्रिकेट हे उपजीविकेचे साधन मानणारा खेळाडू आणि ते मानाचे कर्तव्य मानणारी व्यवस्था यांच्यातील हा संघर्ष होता. पुढे काळाने कोणाची बाजू घेतली हे सांगण्याची आवश्यकता नाही.

समारोप

१९७३ साली पद्मश्री, भारतीय क्रिकेट मंडळाचा कर्नल सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार २०२४ च्या जानेवारीत, आणि जुलै २०२५ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डच्या एका प्रेक्षागृहाला लॉइड यांच्यासह त्यांचे नाव. सन्मानांचा हा क्रम सूचक आहे. पद्मश्री आणि जीवनगौरव यांच्यामध्ये अर्धे शतक लोटले, आणि प्रेक्षागृहाला नाव मिळाले ते मँचेस्टरमध्ये.

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, इंजिनिअर हे थोर फलंदाजांच्या पहिल्या रांगेत बसणारे नव्हते आणि सर्वश्रेष्ठ यष्टिरक्षकही नव्हते. परंतु दोन्ही कामे एकत्र, आणि तीही आक्रमकपणे, करता येतात हे भारतीय क्रिकेटमध्ये त्यांनी आणि कुंदरन यांनी प्रथम सिद्ध केले. इंजिनिअर यांनी ते अधिक काळ आणि अधिक मोठ्या मंचावर केले. ताम्हाणे यांच्यापासून धोनी आणि ऋषभ पंत यांच्यापर्यंतचा प्रवास या दुव्याशिवाय समजत नाही.

दुसरा निष्कर्ष समीक्षेच्या पद्धतीविषयी आहे. केवळ सरासरी पाहणारा अभ्यासक आणि केवळ आठवणीत रमणारा रसिक, दोघेही अपुरे आहेत. पहिल्याला मद्रासच्या त्या सकाळचा अर्थ कळत नाही, दुसऱ्याला १६ अर्धशतकांतील अपुरेपण दिसत नाही. नोंदवहीत काय आहे हे तपासावे आणि तिच्यात कशासाठी रकानाच नव्हता हेही विचारावे. गुणांकनाच्या तक्त्यांत स्वतःचे वर्षभराचे काम भरून देणाऱ्या आपणा अध्यापकांना हे सांगण्यासाठी खरे तर क्रिकेटचे उदाहरण लागू नये. यष्टींमागे दिवसभर वाकून उभ्या राहिलेल्या माणसाला 'शैलीदार' म्हणणे सोपे आहे. त्या शैलीला किती श्रम लागले याची मोजदाद मात्र अद्याप व्हावयाची आहे.